चाकू बोलेनासे झाले

४ नोव्हेंबर

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. तोंडी बोललेल्याला या घरात किंमत उरलेली नाही. बायको म्हणते, "सकाळीच सांगितलं होतं तुम्हाला." मुलगी म्हणते, "बाबा, काल दोनदा सांगितलं." आणि मला तर कोणीच काही सांगितलेलं नसतं. एकटी बायको म्हणाली असती तर विसरली असेल म्हणून सोडून दिलं असतं. दोघी एकाच सुरात म्हणतात, म्हणजे आधी ठरवून म्हणतात. तेव्हा यापुढे जे सांगितलं जाईल ते इथे, तारखेसकट. मग बघू मला कोण खोटं पाडतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. माझे चाकू बोलेनासे झालेत.

ही वही परक्याच्या हातात पडली तर (या घरात काहीही होऊ शकतं) त्याला कळावं म्हणून सांगतो. आम्ही खिशात ठेवायचे घडीचे चाकू करतो. लाकडी मूठ, तिच्या टोकाला पितळी टोपी, आत दोन पितळी पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातं आणि पाठीला पोलादाची कमान. पातं उघडलं की कमान खाचेत बसते आणि 'टक्' होतं. मिटलं की पुन्हा 'टक्'. आमच्या धंद्यात याला चाकू बोलणं म्हणतात. ज्याचं पातं डुगडुगतं, कमान ढिली असते, तो बोलत नाही, नुसता मिटतो. वडील प्रत्येक चाकू कानाशी धरून उघडमीट करायचे. बोलला तरच टोपीवर आमचा मासोळीचा ठसा मारायचे, नाहीतर तो चाकू पुन्हा सुटा व्हायचा. मीही तसंच करत आलोय.

गेले काही आठवडे मी चाकू कानाशी धरतो आणि तो गप्प. दुसरा घेतो, तोही गप्प. हात तोच, भट्टी तीच, मापं तीच. कुठेतरी पाणी मुरतंय.

६ नोव्हेंबर

पोलादवाल्याला बोलावून घेतलं. कमानीच्या पट्ट्या तोच आणतो. सरळ विचारलं, "माल बदललास का?" तो स्वतःच्या बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटला. खरं बोलणारा माणूस बुटांकडे कशाला बघेल?

"पुन्हा बोल" असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी कोणाला तसं म्हणत नाही. एकच गोष्ट दोनदा विचारली की समोरचा समजतो, म्हातारा संपला. म्हणून नुसतं "हं, कळलं" म्हटलं आणि कडक नजरेने बघितलं. घाबरला असावा.

जाताना दारात माझ्या मुलीशी बराच वेळ बोलत होता. तीही मान डोलावत होती. मला दोन शब्द आणि तिच्याशी गप्पा! मुलगी माझ्याबरोबरच कामाला बसते. मुठी ती बसवते, कमानी मी. हात चांगला आहे, फक्त कानस तिरकी चालवते. लहानपणापासून ओरडतोय, पण घासल्याच्या रेघा कायम तिरप्या. हट्टी आहे. कोणावर गेलीय ते बायको सांगतच असते.

आणखी एक नोंद. कामाच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ. काटे फिरतात, वेळ बरोबर दाखवतं, पण टिकटिक नाही. बायकोला त्या आवाजाचा वैताग यायचा. घड्याळजीला गाठून तिने आतलं काहीतरी काढून घेतलंय. विचारलं तर हसली.

९ नोव्हेंबर

आज तपास केला. वेगवेगळ्या लोकांचे चाकू मागवले, टेबलावर ओळीने मांडले आणि सगळ्यांना एकच काम दिलं. आधी कागद, मग लाकूड, मग जाड दोरखंड, मग पुन्हा कागद. शेवटी कान.

पुलापलीकडच्या कारखान्याचा चाकू. यंत्रावर निघतो. पातं आरशासारखं, जाडी इथून तिथून सारखी, हे मान्य करावं लागेल. मूठ प्लास्टिकची, तिच्यावर लाकडाचे रेषे छापलेले. मिटताना पातं एका बाजूला घासतं. दोरखंडानंतर कागद कापायला गेलो तर तो फाटला, म्हणजे पोलादाला पाणी वरवरचं दिलंय. आणि मुका.

डावऱ्याचा चाकू. डावरा माझ्याच हाताखाली शिकला आणि आता याच गल्लीच्या टोकाला दुकान थाटून बसलाय. मी स्वतः गेलो नाही, शेजाऱ्याकरवी मागवला. पातं टोकाकडे सुरेख निमुळतं केलंय, तसं करायला मीच शिकवलं. मिटल्यावर पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध बसतं. दोरखंडानंतरही कागद लोण्यासारखा कापला. लाकूड मात्र पुरतं वाळवलेलं नाही, टोपीजवळ केसाएवढी फट पडलीय. हल्लीच्या लोकांना थांबवत नाही. आणि मुका.

माझा चाकू. लाकूड हाडासारखं वाळलेलं, फट नाही, धार दोरखंडानंतरही दाढी करावी अशी. आणि मुका.

तेव्हा मला वाटलं, पोलादवाल्याने सगळ्यांनाच सारखं फसवलंय. खात्री करायला कपाटातून वडिलांचा चाकू काढला. जुनं पोलाद, जुना हात. लहानपणी हा चाकू अंगणात मिटला तरी आत ऐकू यायचा आणि मी "बाबा आले" म्हणून धावत सुटायचो. उघडला. मिटला. पुन्हा उघडला.

तोही मुका.

म्हणजे हा तो चाकू नव्हेच. दिसतो हुबेहूब, मुठीवरचा जळका डागसुद्धा जागेवर आहे, पण बदललाय. कपाटाची दुसरी किल्ली बायकोकडे असते. मी चाकू परत ठेवला.

१० नोव्हेंबर

उपाय सापडला! कमान जाड ठेवायची आणि पाणी कडक द्यायचं. आज असा एक केला, कानाशी धरला आणि तो बोलला. खूप लांबून बोलल्यासारखा, पण बोलला. मग दिवसभर त्याच मापाने कमानी केल्या आणि संध्याकाळी पहिली पेटी शहरातल्या दुकानदाराकडे रवाना केली. उघडताना माझं अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, त्याला इलाज नाही.

बायकोने एक उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाली, "गिऱ्हाइकाला बरोबर सांडशी देणार का?" टोमणा असला की हिचा आवाज बरा फुटतो. एरवी सगळं तोंडातल्या तोंडात.

१२ नोव्हेंबर

रेडिओचा आवाज कोणीतरी सारखा कमी करून ठेवतं. मी वाढवतो, फिरून येतो तर पुन्हा कमी. आज शेजारी दारात येऊन हातवारे करून गेला. बायको म्हणते, रेडिओबद्दल आला होता. त्यालाही सामील करून घेतलंय.

१५ नोव्हेंबर

आज जे कानावर आलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दोघी स्वयंपाकघरात होत्या. मी दाराआड उभा राहिलो. चोरून ऐकणं वाईट, मान्य. पण माझ्याच घरात मला दुसरी वाट ठेवलेली नाही. बरंचसं बोलणं नळाच्या पाण्यात वाहून गेलं. पण नळ बंद झाला, बायको पोरीकडे वळली आणि हे वाक्य मी पकडलं:

"ह्यांच्या कामाचं आता काही खरं नाही."

पोरीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "...त्यांना कळू द्यायचं नाही. मी बघते."

मला रडू आलं. लाज वाटत नाही लिहायला. बाहेरच्या कोणी म्हटलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण लग्न ठरल्यावर जिला मी माझा सगळ्यात चांगला चाकू नेऊन दिला, जी तो अजून पदराआड घेऊन हिंडते, तिने म्हणावं माझ्या कामाचं काही खरं नाही? रात्री जेवलो नाही. तिने विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही बघताय ना सगळं?"

१८ नोव्हेंबर

तयार चाकूंची पेटी पोस्टात टाकायला पोरगी घेऊन जाते. आज मी मागे गेलो. पोस्ट उजवीकडे आहे. ती डावीकडे वळली.

डावऱ्याच्या दुकानाच्या खिडकीवर धूळ आहे, पण दिसायचं ते दिसलं. माझी पेटी उघडी. पोरगी शेगड्यात चाकू आवळून त्यावर वाकलेली, हात पुढेमागे चाललेला. डावरा एकेक चाकू तिच्या हातून घेऊन कानाशी धरत होता, मान हलवत होता, हसत होता. माझे चाकू, माझा ठसा, आणि हे दोघं.

आता सगळं जुळलं. डावऱ्याने पोरीचे कान फुंकलेत. माझ्या कमानीचं नवं माप त्याला हवंय. माझा ठसाही तिच्याकरवी उचलणार आणि स्वतःच्या मालावर मारणार. मला वाटायचं, माझ्यामागे मासोळीचा ठसा तिच्या हातात राहील. तिने तो माझ्या डोळ्यांदेखत नेऊन त्याच्या ताटात वाढायला घेतलाय.

घरी आल्यावर तिला विचारलं, "पोस्टात गर्दी होती का?" ती काहीतरी बोलली. मी "बरं बरं" म्हटलं. नखांत पोलादाचा कीस होता तिच्या. पोस्टात कीस कुठून येतो?

ठसा मी पिशवीत घालून कमरेला बांधलाय. आंघोळीलाही सोडणार नाही.

२२ नोव्हेंबर

शहरातला तो चष्मा लावणारा दुकानदार स्वतः आला. त्याचे वडील माझ्या वडिलांचे चाकू विकायचे, आणि त्याच्या फळीवर आमच्याशिवाय दुसऱ्याचा चाकू नसतो. आता त्याने मिशा वाढवल्यात, त्यात शब्द अडकतात. पण तो माझ्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसला, म्हणून निभावलं.

म्हणाला, "या वेळची पेटी म्हणजे तुमच्या वडिलांची आठवण झाली. काय आवाज! काय उघडतो!"

मी मुलीकडे बघितलं. बघ म्हटलं, मनातल्या मनात. माझ्या कामाचं काही खरं नाही का? ती खाली बघत होती.

मग त्याने खिशातून एक चाकू काढून टेबलावर ठेवला. "पण त्याच्या आधीच्या पेटीतला हा बघा. गिऱ्हाइकाचं नख उलटलं. अशा तीन-चार तक्रारी आल्या. पुन्हा असं झालं तर मला फळीवर दुसऱ्याचा माल ठेवावा लागेल, काका. मी कोणत्या तोंडाने विकू?"

मी चाकू उचलला. उघडायला दगड. कमान वेड्यासारखी कडक. टोपीवर मासोळी. मी एका क्षणात ओळखलं आणि ओरडलो, "हा माझा नव्हे! ही नक्कल आहे. डावऱ्याने माझा ठसा चोरून मारलाय."

दुकानदार बायकोकडे बघायला लागला. बायको पोरीकडे. पोरगी पांढरीफटक पडली होती. मग ती माझ्याजवळ येऊन, माझ्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाली, "हो बाबा. तो तुमचा नाही."

कबुली! साक्षीदारांसमोर. पण तिच्या डोळ्यांत पाणी कशाला होतं ते समजलं नाही. चोरी पकडली गेली म्हणून असेल.

२४ नोव्हेंबर

कारखान्यात जाऊन आलो. तिथल्या व्यवस्थापकाला आमची मासोळी फार दिवसांपासून हवी आहे. यंत्रांच्या त्या धडधडाटात तो माझ्या कानाला तोंड लावून बोलला आणि प्रत्येक शब्द स्वच्छ! या गावात हा एकटाच माणूस तोंड उघडून बोलतो. कुजबुज नाही, पुटपुट नाही. मला तो आवडला.

त्याच्या प्लास्टिकच्या मुठींवर मासोळी बसणार, हे मला कळत नाही असं नाही. पातं एका बाजूला घासणार आणि वर आमचं नाव. पण घरातल्या चोराने नेण्यापेक्षा दारातून आलेल्याला दिलेलं काय वाईट? शुक्रवारी तो कागद घेऊन घरी येतोय. ठसा त्याच्या हातात ठेवायचा. घरात अजून सांगितलेलं नाही. त्यांनी कुठे मला काय सांगितलंय?

२७ नोव्हेंबर

व्यवस्थापकाला नमुने द्यायचे म्हणून दुपारी एकटाच बसून पेटी बांधत होतो. पोरगी डावऱ्याकडे वळण्याआधीच यावेळची पेटी मी अडवली होती, पण तिने आदल्या आठवड्यात "पोस्टातून परत आले" म्हणून आणलेले काही चाकू त्यात होते. त्यांतल्याच एकाने सुतळी कापली. डाव्या हाताने गाठ दाबून धरलेली, ती सुटेल म्हणून चाकूची मूठ दातांत धरली आणि उजव्या अंगठ्याने पातं मिटलं.

टक्.

मी दचकून मागे बघितलं. कोणी नव्हतं. कोणीतरी टेबल ठोकून लपलं असं वाटलं, टेबलाखालीही वाकून बघितलं. मग पुन्हा मूठ दातांत धरली. उघडला, टक्. मिटला, टक्. आवाज खोलीत नव्हताच. माझ्या डोक्यात होता, जबड्यापासून कानामागपर्यंत. कानाशी धरला, मुका. दातांत धरला, बोलला.

उठून कपाट उघडलं. वडिलांचा चाकू दातांत धरला.

अंगणात मिटायचा तसाच मिटला. तोच होता. कोणी बदलला नव्हता. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि तो किती वेळ उघडत-मिटत होतो कोण जाणे.

मग एकेक सगळे घेतले. कारखान्याचा चाकू खरखरतो. डावऱ्याचा बोलतो, आणि चांगला बोलतो, हे या वहीतच राहू दे. दुकानदाराने आणलेला तो नकली चाकू धरला तर अक्षरशः खेकसला, दाढ हलली. माझ्या टेबलावरचा, कालच माझ्या हातांनी केलेला धरला. तोही खेकसला. अगदी तसाच.

सुतळी कापलेला चाकू उजेडात नेला. मूठ आमची, ठसा माझ्या हातचा. पण कमानीची पाठ नंतर घासून पातळ केलेली होती, आणि वरून पॉलिश मारलं तरी रेघा दिसत होत्या. तिरप्या.

घड्याळाजवळ गेलो. लाकडी चौकटीला कपाळ टेकवलं. टिकटिक चालू होती.

बायको दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही, तिची चाहूल मला लागत नाही हल्ली. मी विचारलं, "त्या दिवशी स्वयंपाकघरात पोरीला काय म्हणालीस? माझ्या कामाचं काही खरं नाही?"

ती आधी गोंधळली. मग जवळ आली, दोन बोटांनी माझ्या कानाची पाळी धरली आणि तोंड मोठं करून म्हणाली, "कानाचं."

२८ नोव्हेंबर

शुक्रवार. व्यवस्थापक कागद घेऊन आला. मी "जमणार नाही" म्हटलं. "का?" म्हणून तो ओरडला. त्याचा प्रत्येक शब्द अजूनही स्वच्छ ऐकू येतो, याचं आता वाईट वाटलं. म्हटलं, "ठसा दिलाय मी. पोरीला." तिला अजून दिला नव्हता, पण दिल्यातच जमा होता.

तो गेल्यावर कामाच्या खोलीत गेलो. ती शेगड्याशी पाठमोरी बसली होती, माझ्याच कालच्या चाकूंतल्या एकावर कानस फिरवत. आता लपवाछपवीचं कारण उरलं नव्हतं, आईने सांगितलं असणार. मी कमरेची पिशवी सोडून ठसा तिच्यासमोर ठेवला. तिने हातातलं काम थांबवलं नाही. झाल्यावर चाकू रुमालाने पुसून माझ्यापुढे धरला. मी मुठीला रुमालाचं टोक गुंडाळलं, दातांत धरला, उघडला, मिटला. मान हलवली. तिने मासोळी मारली.

ठसा हातात धरूनच तिने मान खाली घातली आणि काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना दिसले. पूर्वी मी "बरं बरं" म्हणून बाहेर पडलो असतो.

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. तिची हनुवटी वर केली.

"ऐकू आलं नाही," म्हटलं. "पुन्हा बोल."